ज्यांना आपण कधी भेटलोच नाही

आवडत्या कलावंताच्या निधनाची बातमी येते तेव्हा होणाऱ्या दुःखाची पंचाईत अशी, की ते कोणाकडे बोलून दाखवावे हे कळत नाही. आपण त्याचे नातेवाईक नसतो, स्नेही नसतो, त्याला आपले नावही ठाऊक नसते. त्यामुळे आपले सांत्वन करायला कोणी येत नाही आणि आपणही कोणाच्या दारी जाऊ शकत नाही. त्यातून तो कलावंत विनोदी असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांत ‘हसवणारा रडवून गेला’ हे वाक्य ठरलेलेच असते. मला या वाक्याचा मनापासून कंटाळा आहे. त्या माणसाने नेमके कसे हसवले, हे सांगण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी गाठली होती. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ दूरचित्रवाणीवर लागला की हातातले काम टाकून मी आजही बसतो. साडी नेसून पार्वती झालेल्या परशुरामाचा लाडिक आवाज मधूनच घसरतो, आतला पुरुष डोकावतो आणि पकडले जाण्याच्या भीतीने तो घाईघाईने पुन्हा पदराआड जातो. आवाजाची ही घसरण क्षणभर लांबली असती तर बतावणी उघडी पडली असती, आणि क्षणभर आखडली असती तर कोणी हसले नसते. हसण्याच्या भरात हा हिशेब आपल्याला दिसत नाही, आणि तो दिसू नये यातच नटाचे कसब असते. बेर्डे हयात असताना त्यांच्या अभिनयाबद्दल मी असा विचार कधी केला नव्हता. ‘लक्ष्या’ म्हटले की तो असणारच, हसवणारच, असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. याच चित्रपटातले सिद्धार्थ रे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गेले होते, आणि घरमालकाच्या भूमिकेतले सुधीर जोशी पुढच्या वर्षी गेले. आता चित्रपट पाहताना कोण आहे आणि कोण नाही याची मोजणी मनात आपोआप सुरू होते. नवल हे, की ती चालू असतानाही हसू त्याच जागी येते.

मग गमावले काय? चित्रफीत तर शाबूत आहे. माझ्या मते गमावली ती त्या माणसाची पुढची भूमिका. साठीतले बेर्डे कसे दिसले असते, त्यांच्या विनोदात थकवा आला असता की कडवटपणा, बापाची किंवा आजोबांची भूमिका त्यांनी कशी रंगवली असती, हे आता कधीच कळणार नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत हे कारण पुरत नाही. १२ जून २००० रोजी ते गेले तेव्हा ऐंशी वर्षांचे होते, कंपवाताने आजारी होते आणि त्यांच्याकडून नव्या पुस्तकाची अपेक्षा कोणी धरली नव्हती. तरीही ते गेल्याची बातमी जिव्हारी लागलीच. त्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफितींत श्रोत्यांचे हसणे ऐकू येते, आणि ते ओसरेपर्यंत थांबलेले पु. ल. देखील जाणवतात. तो माणूस जगात कुठेतरी आहे, एवढ्यानेच आपल्याला धीर वाटत होता, हे तो गेल्यावर लक्षात येते.

अशा शोकाला मान्यता मिळणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच नाटककार आणि नट मोलिएर आपल्याच नाटकात, आजारी असल्याच्या भ्रमात जगणाऱ्या माणसाची भूमिका करत असताना खरोखरच कोसळण्याच्या बेताला आला. प्रयोग त्याने कसाबसा पुरा केला आणि काही तासांतच तो गेला. नट म्हणून त्याला चर्चने धार्मिक दफन नाकारले. त्याच्या पत्नीने राजाकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा कुठे रात्रीच्या वेळी, फारसा समारंभ न करता, त्याला पुरण्याची परवानगी मिळाली.

आज सन्मान भरपूर मिळतो, पण समजून घेण्याची घाई नडते. ११ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकी विनोदी नट रॉबिन विल्यम्स यांनी आपले आयुष्य संपवले, तेव्हा विदूषकाच्या मुखवट्याआडच्या दुःखावर जगभर लिहून झाले; त्यांच्या मेंदूला एका गंभीर विकाराने ग्रासले होते, हे शवविच्छेदनातून कळले ते नंतर.

रंगभूमीवरच्या कलावंतांचे जाणे मला सर्वांत जास्त बोचते, कारण तिथे माणसाबरोबर कामही जाते. एखाद्या प्रयोगाचे चित्रीकरण झालेले असले, तरी भरलेल्या नाट्यगृहात घडणारी गोष्ट त्यात पुरती उतरत नाही. भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ रोजी अपघातात गेल्या. ‘ती फुलराणी’ त्यांच्यानंतर इतर अभिनेत्रींनीही केली आणि चांगली केली. तरी नाटकाचा विषय निघाला की ‘भक्तीची पाहिली होती का?’ असे विचारणारे कोणीतरी ज्येष्ठ भेटतातच. या प्रश्नाने पूर्वी मी वैतागत असे. आता मी त्यांनाच उलट विचारतो, की ते लांबलचक स्वगत त्या कशा म्हणायच्या, आवाज कुठे चढवायच्या, टाळी आली की थांबायच्या की तशाच पुढे जायच्या. आणि उत्तर देता देता ती मंडळी बसल्या जागी हातवारे करून ते स्वगत म्हणूनच दाखवू लागतात.