तुम्ही विचारलंत म्हणून : दुर्बिणीचा डेटा क्लाउडवर नेला की काम लवकर होतं का?

रेडिओ खगोलशास्त्रावर बोलायला कुठल्याही कॉलेजात गेले की एक प्रश्न हटकून येतो. "मॅडम, आमच्याकडे मोठा सर्व्हर नाही. जीएमआरटीचा डेटा क्लाउडवर नेऊन आम्हाला भराभर प्रोसेस करता येईल का?" विद्यार्थी विचारतात, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांचे प्राध्यापकही बाजूला घेऊन विचारतात. क्लाउड म्हणजे कंपन्यांची, इंटरनेटवरून भाड्याने घेता येणारी मशीनं. चहाच्या कपाबरोबर द्यायचं हे उत्तर नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी डेटा केवढा असतो ते बघू. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. जीएमआरटी म्हणजे हीच, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि उभी केलेली रेडिओ दुर्बीण. १४ डिश मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, आणि टोकाच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. अशी दुर्बीण फोटो काढत नाही. प्रत्येक डिशचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक डिशच्या सिग्नलशी ताडून पाहिला जातो. ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. ४०९६ चॅनेल (म्हणजे फ्रिक्वेन्सीचे बारीक तुकडे) आणि दोन ध्रुवीकरणं (लहरींच्या कंपनाच्या दोन दिशा) धरली तर दर वेळी ३५ लाखांहून जास्त संमिश्र संख्या तयार होतात. एका संख्येला ८ बाइट धरले तर २८ एमबी झाले, आणि हे दर पावणेतीन सेकंदांनी. आठ तासांचं निरीक्षण म्हणजे ढोबळमानाने ३०० जीबी.

पूर्वी हा भार कमी होता. जीएमआरटीची बँडविड्थ, म्हणजे एका वेळी पाहता येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, ३२ मेगाहर्ट्झ होती, अपग्रेडनंतर ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. आकाश जास्त खोलवर दिसू लागलं, आणि पूर्वी एका चांगल्या डेस्कटॉपवर निभावणारं काम तिथे मावेनासं झालं.

शिवाय ३०० जीबी हा फक्त कच्चा माल. रेडिओ दुर्बिणींचा डेटा हाताळणाऱ्या कासा या सॉफ्टवेअरमध्ये डेटा घेतला की मूळ आकड्यांशेजारी मॉडेलचे आकडे आणि दुरुस्त केलेले आकडे असे आणखी दोन स्तंभ तयार होतात. म्हणजे तिप्पट. मधल्या टप्प्यांच्या फाइली वेगळ्याच. एक टीबीची डिस्क बघता बघता भरते. म्हणून क्लाउडचा विचार करताना लोक प्रोसेसर किती ते विचारतात, तेव्हा मी आधी डिस्क किती आणि किती वेगाची ते विचारते. यातला बराच वेळ गणितात जात नाही, आकडे डिस्कवरून आणण्यात आणि परत ठेवण्यात जातो. ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे अख्ख्या फाइली ठेवायचं क्लाउडचं स्वस्त कोठार, साठवणीला उत्तम आहे, पण कासाचा डेटा म्हणजे बऱ्याच फाइलींचं एक फोल्डर असतं आणि त्यात सतत इकडेतिकडे लिहावं लागतं. त्यासाठी मशीनला जोडलेली वेगवान डिस्कच लागते.

आता वेगाकडे. पहिलं मोठं काम म्हणजे फ्लॅगिंग, पृथ्वीवरचा गोंगाट काढून टाकणं. एक जोडी घेऊन आडव्या अक्षावर चॅनेल आणि उभ्या अक्षावर वेळ असं चित्र काढलं की तो डोळ्यांना दिसतो. एखादा ट्रान्समीटर ठरावीक फ्रिक्वेन्सीवर दिवसभर चालू असेल तर वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ येते. विजेच्या तारेवर ठिणगी उडाली तर एकाच क्षणी सगळे चॅनेल भरून जातात आणि आडवा पट्टा उमटतो. मधूनच तिरकी, वाकडी, फिकट अशी एखादी खूण असते, आणि ती काय आहे हे कळायला शेजारच्या जोड्यांची चित्रं उघडावी लागतात. प्रोग्रॅम हे काम चांगलं करतात, आणि ४३५ जोड्या एकमेकींवर अवलंबून नसल्यामुळे ते कितीही मशीनांवर वाटता येतं. इथे क्लाउडचा फायदा सरळ दिसतो. एक मशीन वीस तास चालवलं किंवा वीस मशीनं एक तास चालवली तरी भाडं जवळपास तेवढंच, आणि तुमचे एकोणीस तास वाचतात.

पण पुढचा टप्पा असा वाटता येत नाही. सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये आधी एक प्रतिमा काढायची, तिच्यावरून आकाशाचं मॉडेल करायचं, त्या मॉडेलवरून प्रत्येक डिशच्या चुका शोधायच्या, त्या दुरुस्त करून पुन्हा प्रतिमा काढायची, आणि असं आणखी काही वेळा. तिसरी फेरी दुसरीचा निकाल हातात आल्याशिवाय सुरूच होत नाही. लग्नघरी पोळ्या लाटायला दहा जणी बसल्या तर पोळ्या दसपट वेगाने होतील, पण भाताला शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा गणितात मांडली. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर हजार मशीनं लावली तरी ते एकूण दहापटीहून जास्त वेगाने होणार नाही.

त्यामुळे "किती लवकर होईल" याचं उत्तर तुमच्या कामाच्या आकारावर ठरतं. एकाच आकाशगंगेची एकच प्रतिमा हवी असेल, तर क्लाउडवर फरक पडेल तो बेताचाच. पण शंभर वेगवेगळ्या दिशांच्या शंभर प्रतिमा हव्या असतील तर चित्र बदलतं. जीएमआरटीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पाहिलं. टीजीएसएस म्हणतात तो हा सर्व्हे. तो सगळा डेटा पुन्हा हातात घेऊन हाउब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंचलित पाइपलाइनमधून, म्हणजे सगळे टप्पे ओळीने आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढला. आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आणि ६ लाख २० हजारांच्या आसपास रेडिओ स्रोत, असा कॅटलॉग त्यातून जगाला मिळाला. अशा सर्व्हेत एका दिशेचं काम दुसऱ्या दिशेसाठी अडत नाही. भाड्याच्या मशीनांसाठी याहून सोयीचा आकार नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. युरोपातल्या लोफार दुर्बिणीचा डेटा क्लाउडवर कॅलिब्रेट करून (म्हणजे त्यातल्या उपकरणांच्या चुका दुरुस्त करून) पाहणारा होसे साबातेर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला. सॉफ्टवेअर बसवणं आणि सांभाळणं सोपं गेलं, गरजेप्रमाणे यंत्रणा लहानमोठी करता आली, आणि खरी अडचण पुरेशा तात्पुरत्या साठवणुकीची होती, असं त्यांना आढळलं. खर्चाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. वर्षभर सतत भरलेला, याच कामाला वाहिलेला मोठा क्लस्टर (एकमेकांना जोडलेल्या मशीनांचा संच) असेल तर तो क्लाउडपेक्षा स्वस्त पडतो. पण डेटासेट मोजकेच असतील, तर क्लाउड त्याच्या बरोबरीला येतो. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज नेमकं दुसऱ्या गटात बसतं. वर्षाला दोन-तीन प्रोजेक्ट, त्यासाठी लाखोंचा सर्व्हर घ्यायचा, एसी लावायचा, यूपीएस सांभाळायचा आणि बाकी दहा महिने तो नुसता ठेवायचा, याला अर्थ नाही.

सॉफ्टवेअरचा मुद्दा लहान वाटतो, पण तो लहान नाही. एम.एस्सी.चा विद्यार्थी प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात आकाशाकडे बघतच नाही, तो सॉफ्टवेअर लायब्ररींच्या आवृत्त्या जुळवत बसतो. क्लाउडवर एकदा सगळं सॉफ्टवेअर नीट बसवलेल्या मशीनची हुबेहूब प्रत जतन करून ठेवता येते, आणि पुढच्या वर्षीची मुलं पहिल्याच दिवशी डेटा उघडतात. मला विचाराल तर वेग खरा इथे वाढतो.

डेटा नेण्याआणण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तो आधी स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून मग वर चढवू नका. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी ३०० जीबीला साडेसहा तास लागतात, आणि कॉलेजची लाइन पूर्ण वेगाने चालत नाही. चढवताना पुन्हा तेवढेच, बहुधा जास्त. क्लाउडमधल्या मशीनवरूनच थेट जीएमआरटीच्या अर्काइव्हमधून, म्हणजे जुन्या निरीक्षणांच्या साठ्यातून, डेटा ओढा. आत आणायला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, बाहेर न्यायला मात्र दर जीबीमागे घेतात. म्हणून परत आणायच्या त्या फक्त शेवटच्या प्रतिमा आणि कॅलिब्रेशनचे तक्ते. काही जीबींत काम भागतं.

पैसे वाचवायचा आणखी एक मार्ग म्हणजे रिकामी पडलेली मशीनं कमी दरात घेणं. त्यांना स्पॉट म्हणतात. पण कंपनीला गरज पडली की ती काढून घेतली जातात. अ‍ॅमेझॉनकडे सूचना मिळते ती दोन मिनिटं आधी. फ्लॅगिंगचा एखादा तुकडा गेला तर तो पुन्हा चालवता येतो. सेल्फ-कॅलिब्रेशनच्या चौथ्या फेरीत मशीन गेलं तर मागच्या तिन्ही फेऱ्या जातात, जर प्रत्येक फेरीनंतर निकाल टिकाऊ डिस्कवर ठेवला नसेल तर. तेवढी शिस्त पाळता येत असेल तर स्पॉट घ्या.

सरकारी यंत्रणाही विसरू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात परम रुद्र सुपरकॉम्प्युटर सुरू झाले, आणि पुण्याचा जीएमआरटीसाठी, विशेषतः फास्ट रेडिओ बर्स्ट (आकाशातले क्षणभराचे रेडिओ लखलखाट) शोधायला आहे. पुढे स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे ही महाकाय रेडिओ दुर्बीण येते आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७ डिश, ऑस्ट्रेलियात १ लाख ३१ हजार अँटेना. वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी) डेटा विभागीय केंद्रांकडे जाईल असा अंदाज आहे. भारत त्यात भागीदार आहे. तो डेटा घरी उतरवून घेण्याचा प्रश्नच नाही, तो जिथे असेल तिथे जाऊनच काम करावं लागेल. आज भाड्याच्या मशीनवर हे काम शिकणारी मुलं त्या दिवशी तयार असतील, आणि ती फक्त मोठ्या संस्थांतली नसावीत असं मला मनापासून वाटतं. जीएमआरटीचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुला होतो. नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या मुलीला तो मागायचा तेवढाच हक्क आहे जेवढा पुण्यातल्या पीएच.डी. करणाऱ्याला.

सुरुवात करणार असाल तर अशी करा. अर्काइव्हमधून एकाच स्रोताचं, दोन-तीन तासांचं निरीक्षण निवडा, आणि त्यात ३सी४८ किंवा ३सी२८६ हा कॅलिब्रेटर, म्हणजे ज्याची तीव्रता आधीच माहीत आहे असा स्रोत, आहे ना ते बघा. आधी थोडेच चॅनेल वेगळे काढून सगळी प्रक्रिया स्वतःच्या कॉम्प्युटरवर हाताने करा, एकेक चित्र उघडून बघत. जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केलेली कॅप्चर ही पाइपलाइन खुली आहे, ती त्यानंतर वापरा. मगच क्लाउडचं खातं उघडा, आणि उघडल्याबरोबर बिलाची मर्यादा ओलांडली की मेल येईल अशी सोय करा. काम झालं की मशीन बंद करून थांबू नका. बंद मशीनला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, ती वेगळी काढून टाकावी लागते.