थरथरीचा माग लागला: मागच्या शाफ्टचे कोन

आमच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची थरथर कुठून येते ते अखेर कळलं. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये धरणारं सेंटर बेअरिंग नवं, त्याचे तिन्ही क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे) नवे, शाफ्ट बॅलन्स करून आणलेला, आणि तरीही रिकामी गाडी पहिल्या गिअरात उचलली की सीटखाली तीच धडधड, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. पुढचा संशय क्लचवर होता. गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक सोपी चाचणी करून घेतली, आणि तिनेच सगळं चित्र पालटलं.

हाच मागचा प्रॉपेलर शाफ्ट पूर्ण काढला, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरात टाकली आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालवली. आमच्या ट्रान्स्फर केसला मागे फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आहे, म्हणून तेल गळायचा प्रश्न नाही. स्लिप योकवाल्यांनी (ज्यांचा शाफ्ट थेट केसच्या आत सरकून बसतो) मात्र हे असंच करू नये. मागचा अ‍ॅक्सल सुटा असल्याने डांबरी रस्त्यावरही वाइंड-अप (पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठणं) होत नाही. गाडी अगदी अलगद उचलली. क्लच, इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्स सगळे एका फेरीत निर्दोष सुटले. फार आनंद झाला!

दुसरा धागा हातात होताच: हौद्यात माल भरला की थरथर गायब. म्हणजे दोष सुट्या भागात नाही, कोनात आहे. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दोन टोकांचे क्रॉस फेजमध्ये (एकमेकांशी जुळवून बसवलेले) आणि कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. फेज बरोबर होती. उघडतानाच पंचने खुणा केल्या होत्या.

मग कोन मोजले, चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) ठेवून. जॅकवर लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलचं माप काही कामाचं नाही. मोबाइलवरचं अ‍ॅपही नको. चुंबकवाला डिजिटल अँगल गेज घ्या, फ्लँजवर चिकटतो आणि दर वेळी तोच आकडा देतो. ट्रान्स्फर केस आणि शाफ्टचा पहिला तुकडा दोन्हींचा उतार ३.५ अंश, दुसऱ्या तुकड्याचा ९ अंश, पिनियन (शाफ्ट मागे ज्याला जोडतो तो दांडा) ६.५ अंश नाक वर. म्हणजे मधल्या क्रॉसवर ५.५ आणि मागच्यावर फक्त २.५. तीन अंशांचा फरक! आधीच्या मालकाने मागे लांब शॅकल (पाट्यांचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकले आहेत, त्यामुळे पिनियनचं नाक वर गेलंय. त्यात गाडी उचलताना पाटे पिळतात आणि ते नाक आणखी वर जातं, म्हणून धडधड नेमकी तेव्हाच.

उपाय पाचर: पाटे आणि अ‍ॅक्सलच्या पॅडमध्ये, जाड बाजू पुढे, म्हणजे नाक खाली येतं. आमचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर आहेत, खाली असतील तर उलट. पाचर स्टीलचीच हवी. अ‍ॅल्युमिनियमची वजनाखाली चेपते, मग यू-बोल्ट (पाटे आवळून धरणारे) सैल होतात. यू-बोल्टही नवेच, जुने परत वापरायचे नाहीत, आणि पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब लागतो. पिळाचा एक अंश धरून ४ अंशांची पाचर घ्यायचं ठरवलं होतं.

पण हे लिहिताना आकडे पुन्हा मांडले तेव्हा लक्षात आलं: कोन सारखे झाले तरी दोन्हीकडे ५.५ राहतात, आणि हायवेच्या वेगाला ते जास्तच. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली १० मिमीचा स्पेसर टाकून बेअरिंग तेवढं खाली आणलं तर? पहिला तुकडा साधारण ६०० मिमी, म्हणजे त्याचा उतार एक अंशाने वाढून ४.५ होईल; दुसरा ११०० मिमी, तो अर्ध्या अंशाने घटून ८.५. मधला क्रॉस थेट ४ वर. मग ३ अंशांची पाचर पुरते: पिनियन ३.५, मागचा क्रॉस ५, आणि उचलताना नाक अंशभर वर गेलं की तोही ४. पुढच्या क्रॉसला एक अंश मिळेल, तो तर चांगलाच. अगदी सरळ फिरणाऱ्या क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी घासून खळगे पाडतात.

तेव्हा ४ ची पाचर रद्द. आधी स्पेसर, मग ३ ची पाचर, आणि दोन्हींच्या मध्ये एकदा गाडी चालवून बघणार, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल. शॅकलचा गंजलेला बोल्ट मात्र निघाला, रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये भिजवून आणि गरम करून, न तुटता. बोल्टभोवतीचे बूश तपासले, शाबूत आहेत. भरल्या गाडीचे कोन अजून मोजायचे आहेत. ते हातात आल्याशिवाय यू-बोल्टला शेवटचा टॉर्क देणार नाही.