हिरवा तवंग आला की मोरचूद टाकू नका

जलाशयावर हिरवा तवंग दिसला की पहिली मागणी असते मोरचूद टाकण्याची. शेवाळ मरतं, पाणी स्वच्छ दिसू लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते पिण्याला जास्त धोकादायक असतं. नीलहरित शैवाळाचं मायक्रोसिस्टिनसारखं विष बहुतांशी जिवंत पेशीच्या आत असतं. पेशी फुटली की ते पाण्यात विरघळतं आणि वाळूच्या फिल्टरमधून सरळ पार होतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर धरणात मोरचूद टाकल्यावर काही दिवसांतच सुमारे दीडशे जण आजारी पडले. बहुतेक मुलं होती.

हे नीलहरित शैवाळच आहे ना, ते आधी पाहा. हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. नीलहरित पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे त्यांचा थर वर जमतो. साधं शेवाळ बहुधा तळाशी बसतं. अर्थात खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. प्लँक्टोथ्रिक्स या नीलहरित शैवाळाच्या काही जाती तर तवंग न येता मधल्या थरात वाढतात, म्हणून नमुने वेगवेगळ्या खोलीचे घ्यावेत. मातकट वासावर भरवसा नको: वास आणि विष यांची सांगड असेलच असं नाही.

शुद्धीकरण केंद्रात धोरण एकच, पेशी अख्खी बाहेर काढायची. पाणी तवंगाच्या खालून उचला, पण अगदी तळातून नको. तिथे प्राणवायू नसला तर लोह आणि मँगनीज येतं. सुरुवातीचं क्लोरीन बंद करा, कारण तेही पेशी फोडतं. तुरटीची मात्रा रोज जार टेस्टने (पाण्याच्या भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा टाकून पाहून) ठरवा. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा पीएच ९ च्या वर जाऊ शकतो. मग सकाळची मात्रा पुरत नाही आणि गुठळी धरत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गाळाकडे. क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या, तळाशी साचलेल्या पेशी काही दिवसांत फुटतात. गाळ रोज काढा, आणि त्याचं किंवा बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं) पाणी पुन्हा सुरुवातीला सोडू नका. सुटलेल्या विषासाठी लाकडापासूनची सक्रिय कार्बन भुकटी वापरतात. लिटरमागे २० मिलिग्रॅमपासून चाचणी सुरू करा. क्लोरीन त्यानंतरच: पीएच ८ च्या खाली, ३० मिनिटं संपर्क आणि शेवटी लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन. याने मायक्रोसिस्टिन मोडतं, अ‍ॅनाटॉक्सिन हे दुसरं विष मात्र फारसं नाही. उकळून तर काहीच साधत नाही. वाफ जाते, विष उरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराची मार्गदर्शक पातळी आयुष्यभराच्या पिण्यासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे, थोड्या काळासाठी १२.

मूळ दुखणं फॉस्फरसचं. १९७३ मध्ये कॅनडातलं '२२६' क्रमांकाचं तळं पडद्याने दुभागून दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस एकीकडेच. तीच बाजू हिरवी झाली. सांडपाणी आणि खतांचा निचरा थांबवला तरी गाळातला जुना फॉस्फरस अनेक वर्षं वर येत राहतो: तळाचा प्राणवायू संपला की लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटतो. म्हणून एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) विकत घेण्याआधी प्राणवायू आणि फॉस्फरस तळापासून वरपर्यंत मोजा. कमी ताकदीचा एरेटर थर नीट मिसळत नाही, उलट तळाचं पोषण वरच्या उजेडात आणून देतो.