तुम्ही विचारलंत म्हणून : लेकीला ठेवून कशी गेले

प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या आयांबद्दल बोलून झालं की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "मुलगी एवढीशी असताना तिला ठेवून अमेरिकेला कशा हो गेलात?" नवराही तेव्हा सतत दौऱ्यावर असायचा. त्याला कुणी विचारल्याचं आठवत नाही. असो.

शिष्यवृत्ती पुन्हा मिळाली नसती, म्हणून गेले. आणि मला जायचं होतं. हे दुसरं कारण मी बरीच वर्षं गिळून टाकत आले.

हार्वर्डच्या संग्रहालयात अथेन्सची एक हायड्रिया आहे, इ.स.पू. ४३०च्या आसपासची. हायड्रिया म्हणजे पाण्याचा घडा. त्यावर खुर्चीत बसलेली बाई, समोर उभी असलेली दुसरी, दोघींच्या मध्ये बाळ. मागे तरुण पुरुष, कडेला माग. आई बाळाला दाईकडे सोपवते आहे, असा अर्थ सहसा लावतात. प्रबंधात मीही तोच लावला. अथेन्सच्या भांड्यांवर दूध पाजणारी आई क्वचितच दिसते. दिसतं ते बहुधा पुरुषाला हवंसं घर, म्हणजे वारस आणि विणणारी बायको. हे मला आजही पटतं.

परतले तेव्हा विमानतळावर मी हात पुढे केले. लेकीनं सासूबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं. "अगं, आई आहे ती," त्या म्हणाल्या, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशा. मी हात तसेच धरून उभी, मागून ट्रॉलीवाले खोळंबलेले. शेवटी त्यांनी तिला माझ्याकडे दिलं. ती किंचाळली. मी परत दिली. टॅक्सीत ती त्यांच्याच मांडीवर झोपली आणि मी पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशी पावसाबद्दल बोलत.

तेव्हापासून वाटतं, हायड्रियावरची आई बाळ देते आहे की परत घेते आहे? प्रबंधातली मी म्हणेन, भावना बाजूला ठेव, पुरावा बघ. पण थांबलेल्या चित्रात दिशा कशावरून ठरवायची? ब्रुसेल्सच्या एका कायलिक्सवर, म्हणजे मद्याच्या पसरट प्याल्यावर, शी-शूच्या खुर्चीत बसवलेलं मूल समोरच्या बाईकडे हात पसरतं. तिथे मी बेधडक 'आई' लिहिलं होतं. कशाच्या जोरावर?

पुन्हा संधी आली तर जाईन का? जाईन. सासूबाईंनी तिला सांभाळलं, त्यांचे उपकार आहेतच. त्या टॅक्सीत त्यांनी एकदाही मागे बसायला बोलावलं नाही, याचा रागही आहे.