वेस्ट फ्लँडर्स: ब्रुग्जला चार तास पुरत नाहीत

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या बहुतेक सहलींत ब्रुग्जच्या वाट्याला चार तास येतात. सकाळी ब्रसेल्सहून बस निघते, मुख्य चौकात फोटो, बोटीची एक फेरी, चॉकलेटची खरेदी, की लगेच परतीचा प्रवास. ब्रुग्ज ज्या प्रांताची राजधानी आहे त्या वेस्ट फ्लँडर्सचं नावही मग कुणाच्या लक्षात राहत नाही. एवढ्याशा प्रांतात मध्ययुगीन व्यापारी शहर आहे, पहिल्या महायुद्धाची रणभूमी आहे आणि बेल्जियमचा सगळाच्या सगळा समुद्रकिनारा आहे. त्या युद्धात आपल्या मातीतली माणसंही लढली. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की ब्रसेल्सचा मुक्काम एका रात्रीने कमी करा, पण इथे राहायला या.

माझ्यासोबत आई आणि मावशी होत्या. दोघींची सत्तरी उलटलेली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून घडीची व्हीलचेअर बरोबर घेतली होती. मावशी भरपूर चालते, पण जिने टाळते. आम्ही मोटार भाड्याने घेतली नाही. रेल्वे, ट्राम आणि बस यांच्यावरच सगळा प्रवास केला. पुढचं सगळं त्याच अनुभवातून लिहिते आहे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

आधी व्हिसाबद्दल. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो. बेल्जियमला तीन रात्री आणि फ्रान्सला पाच, असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुटीत जायचं असेल तर अपॉइंटमेंट लवकर धरा, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे त्यासाठी मोठी गर्दी असते.

ब्रसेल्सहून ब्रुग्ज रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, गेंटहून तर अर्धा तासही लागत नाही. बेल्जियमच्या अंतर्गत गाड्यांना आरक्षण नसतं आणि आयत्या वेळी तिकीट काढलं म्हणून ते महागही होत नाही. त्यामुळे महिनाभर आधी बुकिंगची धडपड करायची गरज नाही. मात्र तिकीट गाडीत चढण्याआधी काढा, गाडीत काढल्यास जास्तीचा आकार पडतो. ब्रुग्जला आलेली किनाऱ्याकडची गाडी काही वेळा तिथे दुभागते. अर्धे डबे ब्लँकनबर्गला जातात, अर्धे क्नोकेला. चढताना डब्यावरची पाटी नीट वाचा.

पाट्यांबद्दल आणखी एक गोष्ट. या प्रांतात फलक आणि घोषणा डच भाषेत असतात. इंग्रजी पुस्तकांत आपण 'ईप्र' वाचलेलं गाव स्टेशनवर 'ईपर' असतं, फ्रेंच नकाशातलं 'कूर्त्रे' इथे 'कोर्ट्राइक' होतं. ही दोन नावं कागदावर लिहून ठेवा. बाकी इंग्रजी सर्रास बोललं जातं, विचारायला संकोच करू नका.

व्हीलचेअरवरच्या प्रवाशांसाठी बेल्जियन रेल्वेची मदत मोफत मिळते, पण ती आधी मागावी लागते. आदल्या दिवशी नोंदवून ठेवलं की निर्धास्त. बऱ्याच जुन्या गाड्यांचा डबा आणि फलाट यांच्यात चांगलीच उंची असते. मदतीला आलेले कर्मचारी उतरती फळी (रॅम्प) लावून देतात. तेवढ्या एका नोंदणीमुळे आईच्या मनातली धास्ती गेली, आणि पुढच्या प्रवासात तीच आम्हाला "उद्याचं कळवलंस का?" असं विचारू लागली.

ब्रुग्ज स्टेशनपासून मुख्य चौक दीडेक किलोमीटर आहे. स्टेशनसमोरूनच बस मिळते. जुन्या गावातले रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि छोट्या चाकांच्या व्हीलचेअरला त्यांवर फार त्रास होतो. शक्य असेल तर मोठ्या चाकांची घ्या. मध्यवर्ती भागात राहिलात तर दुपारी खोलीवर परतून पाय लांब करता येतात, ज्येष्ठांसाठी ही सोय लाख मोलाची. जवळच्या झेब्रुग बंदरात मोठी जहाजं लागतात आणि त्यांचे प्रवासी दिवसा या गावात ओतले जातात. संध्याकाळी सहानंतर मात्र गल्ल्या मोकळ्या होतात. कालव्याच्या कडेने रमतगमत चालण्याची ती वेळ आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

चौकातलं घंटाघर ८३ मीटर उंच आहे. वर जायला ३६६ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आई-मावशींनी चौकातल्या बाकावर बसून ४७ घंटांचं वादन ऐकलं आणि त्या तेवढ्यावर खूश होत्या. चढायचं असेल तर वेळ ठरवून तिकीट आधी काढा. कालव्यातल्या बोटी साधारण मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. फेरी अर्ध्या तासाची असते, पण बोटीत उतरायला पायऱ्या आहेत. हात धरायला माणूस हवं.

ज्या जागी मी सगळ्यांना मुद्दाम पाठवीन ती म्हणजे अवर लेडीचं, म्हणजे मेरीमातेचं, चर्च. त्याचा विटांचा मनोरा ११५ मीटरांच्या वर आहे. आत मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बालक आहे. त्याच्या हयातीतच इटलीबाहेर गेलेली ही मूर्ती. ब्रुग्जच्या कापड व्यापाऱ्यांनी ती विकत घेतली होती. १७९४ मध्ये फ्रेंचांनी ती उचलून नेली, १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी, आणि दोन्ही वेळा ती परत आली. बाळ आईच्या मांडीवर नाही, तिच्या गुडघ्यांशी उभं आहे आणि एक पाऊल पुढे टाकायच्या बेतात आहे. आई त्या मूर्तीपुढून हलायला तयार नव्हती. जवळच सेंट जॉन्स रुग्णालयाची मध्ययुगीन इमारत आहे. तिथे पंधराव्या शतकातला चित्रकार हान्स मेमलिंग याची चित्रं ज्या वास्तूसाठी रंगवली गेली तिथेच पाहायला मिळतात. त्याच शतकातला चित्रकार व्हान आयक याचं काम ग्रूनिंगे संग्रहालयात आहे. संग्रहालयांचे सुटीचे वार वेगवेगळे असतात, बरीच सोमवारी बंद असतात. निघण्याआधी वेळापत्रक बघाच.

आता ईपर, सुरुवातीला म्हटलेली पहिल्या महायुद्धाची रणभूमी. ब्रुग्जहून कोर्ट्राइकला गाडी बदलून सुमारे दीड तासात पोचता येतं. स्टेशनपासून मुख्य चौक पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. चौकातलं भव्य क्लॉथ हॉल (जुना कापडबाजार) बघताना ते तेराव्या शतकातलं वाटतं. पण महायुद्धात ते जमीनदोस्त झालं होतं आणि पुन्हा उभारणीचं काम १९६७ पर्यंत चाललं. संपूर्ण शहरच असं दगड-दगड करून परत बांधलेलं आहे. क्लॉथ हॉलमध्ये इन फ्लँडर्स फील्ड्स म्युझियम हे पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. तिथे लिफ्ट आहे, व्हीलचेअर सहज फिरते. मनोऱ्यावर मात्र पायऱ्यांनीच जावं लागतं. निदान अडीच तास ठेवा.

भारतीय वाचकाला इथे थांबवून काही सांगायलाच हवं. १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौज मार्सेयला उतरली आणि ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात तिच्या काही पलटणी ईपरच्या दक्षिणेला खंदकांत होत्या. अंगावर गरम हवामानाचे कपडे, डोक्यावर फ्लँडर्सचा हिवाळ्याआधीचा पाऊस. ३१ ऑक्टोबर १९१४ ला होलेबेकेजवळ १२९ व्या बलुची पलटणीचा शिपाई खुदादाद खान, सगळे साथीदार पडल्यावर, जखमी अवस्थेत मशीनगन चालवत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारा तो पहिला भारतीय सैनिक. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी इथेच क्लोरीन वायू सोडला आणि चार दिवसांनी भारतीय फौजेतल्या लाहोर डिव्हिजनला त्याच भागात हल्ल्याला पाठवण्यात आलं. विषारी वायूपासून बचावाला तोंडावर ओलं फडकं, एवढंच. त्या दिवशी जमादार मीर दस्त याने वायूच्या माऱ्यात माणसं गोळा केली आणि जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित आणलं. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लाहोर डिव्हिजनमध्ये बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० व २१ क्रमांकाच्या कंपन्याही होत्या, ज्यांचं ठाणं आपल्या पुण्याजवळचं खडकी. मावशीचा उभा जन्म खडकीत गेला. सॅपर्सच्या वसाहतीसमोरून ती रोज भाजीला जायची. हे कळल्यावर तिने संग्रहालयातल्या भारतीय सैनिकांच्या छायाचित्रांपुढे बराच वेळ काढला, कुठल्या पलटणीचे, कुठल्या गावचे असं एकेक विचारत.

मेनिन गेट चौकापासून दोन-तीन मिनिटांवर आहे. या दगडी कमानीवर ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत किंवा ओळखू आले नाहीत अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. २४ जुलै १९२७ ला तिचं उद्घाटन झालं. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता इथला रस्ता अडवला जातो आणि स्थानिक अग्निशमन दलाचे बिगुलवाले 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात यात खंड पडला होता. ६ सप्टेंबर १९४४ ला शहर मुक्त होताच त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. प्रवेश मोफत आहे. सव्वासातला पोचा, म्हणजे पुढे जागा मिळते. रस्ता सपाट आहे, व्हीलचेअरला अडचण नाही. कार्यक्रमानंतर टाळ्या वाजवायच्या नसतात, मुलांना आधी सांगून ठेवा.

कमानीवर भारतीय नावं पलटणीनुसार आहेत: सिपाही, नाईक, हवालदार, जमादार. एखादं विशिष्ट नाव शोधायचं असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की शिळेचा क्रमांक मिळतो. तो लिहून घेऊन दिवसाउजेडी जा. बाजूच्या तटबंदीवर भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, अशोकस्तंभाच्या सिंहांसह. पुष्कळ भारतीय पर्यटक ते न पाहताच परत जातात. रात्रीच्या कार्यक्रमात पुष्पचक्र वाहायचं असेल तर लास्ट पोस्ट असोसिएशनला आधी कळवून परवानगी घेता येते. युरोपातल्या मराठी मंडळांनी हे एकदा मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

त्या रात्री परत ब्रुग्जला जायचं ठरवू नका. कार्यक्रम संपेपर्यंत सव्वाआठ होतात, मग गाडी बदलत जाणं ज्येष्ठांना जड जातं. ईपरलाच राहा. दुसऱ्या दिवशी टाइन कॉटची स्मशानभूमी पाहता येते; तिथे जवळजवळ १२,००० थडगी आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर नाव नाही. तिथे जायला टॅक्सी किंवा छोट्या गाडीतली मार्गदर्शित फेरी सोयीची. फ्रान्सच्या हद्दीतलं न्यूव्ह शापेलचं भारतीय स्मारक पाहायची इच्छा असेल तर त्या एका दिवसासाठी मात्र मोटार लागेलच.

किनाऱ्याचा दिवस सर्वांत सोपा. डे पाने ते क्नोके अशी ६७ किलोमीटरची एकच ट्राम समुद्राच्या कडेने धावते. तिचा पहिला टप्पा १८८५ मध्ये सुरू झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सव्वादोन तासांच्या पुढे लागतात. नव्या ट्रामचा तळ जमिनीलगत असतो आणि तिकीट बँकेचं कार्ड टेकवून काढता येतं. आम्ही ओस्टेंडहून चढलो, स्टेशनच्या दारातच ट्राम मिळते. डे हानला उतरलो. पांढऱ्या बंगल्यांचं हे टुमदार गाव. जर्मनी कायमची सोडल्यावर १९३३ मध्ये आइन्स्टाइन काही महिने इथे राहिले होते. पश्चिमेला गेलात तर न्यूपोर्टला उतरा. १९१४ च्या ऑक्टोबरअखेर बेल्जियनांनी तिथले पाण्याचे दरवाजे उघडून एझर नदीकाठचा सखल प्रदेश बुडवला आणि जर्मनांना अडवलं. आणखी पुढे ओस्टडाउनकेर्केला उन्हाळ्यात घोड्यावर बसून समुद्रात कोळंबी पकडणारे कोळी दिसतात. ओहोटीला घोडा छातीभर पाण्यात जाऊन जाळं ओढतो. ते बघताना आईला तिच्या माहेरची, मालवणची रापण आठवली. प्रात्यक्षिकाच्या तारखा ओहोटीवर ठरतात, गावच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. उन्हाळ्यात काही गावांत वाळूत चालणारी खास व्हीलचेअरही मिळते. वारा मात्र बोचरा असतो. जुलैतही कानटोपी ठेवा.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवावं: इथल्या प्रसिद्ध बटाट्याच्या फ्राइज काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल वापरणारीही पुष्कळ दुकानं आहेत, विचारल्यावर स्पष्ट सांगतात. भाजीच्या सूपमध्येही मांसाचा रस असू शकतो. वॉफलमध्ये अंडं असतं. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ: राखाडी छोट्या कोळंबीची क्रोकेट (तळलेले रोल) ओस्टेंडला जरूर खा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून दूध-फळं शनिवारीच आणून ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहांना पैसे पडतात, सुटी नाणी खिशात हवीत.

एप्रिलअखेर ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. तीन रात्री असतील तर दोन ब्रुग्जला, एक ईपरला. किनारा ब्रुग्जहून एका दिवसात होतो. दोनच रात्री मिळत असतील तर किनारा सोडा, ईपर सोडू नका.