डुनेडिनची चार ट्रॅकवरची गाणी: कुठून शोधायची, कशी ऐकायची

डुनेडिन म्हटलं की जुन्या क्रिकेटवेड्यांना फेब्रुवारी १९६८ आठवतो. परदेशातला भारताचा पहिला कसोटी विजय तिथल्या कॅरिसब्रुकवर मिळाला, अजित वाडेकर त्या संघात होते. पुढे तेरा-चौदा वर्षांनी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडच्या त्याच थंड, विद्यापीठाच्या गावातून गिटार बँडांची एक अख्खी पिढी बाहेर पडली: द क्लीन, द चिल्स, द व्हरलेन्स, स्नीकी फीलिंग्ज. पेव्हमेंट आणि यो ला टेंगो या अमेरिकी बँडांवर त्यांची छाप सरळ ऐकू येते. तरीही ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या नेहमीच्या याद्यांत ही नावं क्वचितच सापडतात.

याचं मोठं कारण म्हणजे आपली शोधण्याची सवय. बँड सापडला की आपण पहिला अल्बम लावतो. इथे नेमकं तेच चुकतं. १९८१ ते १९८४ मधलं यांचं उत्तम काम सिंगल आणि ईपींवर (सिंगलपेक्षा मोठ्या, अल्बमपेक्षा छोट्या, चार-पाच गाण्यांच्या तबकड्यांवर) आहे. चिल्सचा पहिला खरा अल्बम ‘ब्रेव्ह वर्ड्स’ आला थेट १९८७ मध्ये, आणि निर्माता मायो थॉम्पसनने केलेल्या त्याच्या ध्वनिमिश्रणात सगळं धुक्यात गेल्यासारखं वाटतं. तिथून सुरुवात करणारा दोन गाण्यांत कंटाळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून अल्बम सोडा, लेबल धरा. रॉजर शेफर्डने १९८१ मध्ये क्राइस्टचर्चला ‘फ्लाइंग नन’ सुरू केलं. त्यांच्या तबकड्यांचे क्रमांक ‘एफएन’ अक्षरांनी सुरू होतात. पहिला क्रमांक पिन ग्रूपच्या सिंगलचा, दुसरा क्लीनच्या ‘टॅली हो!’चा. पन्नास-साठ डॉलरांत ध्वनिमुद्रित झालेलं हे गाणं न्यूझीलंडच्या यादीत १९व्या स्थानापर्यंत गेलं. त्यातला तो खेळण्यातल्यासारखा ऑर्गन चिल्सच्या मार्टिन फिलिप्सने वाजवलाय.

नावाने शोधाल तर फसाल. द क्लीन, द बॅट्स, द चिल्स ही सगळी रोजच्या वापरातली नावं. डुनेडिनचाच द स्टोन्स हा बँड टाइप केलात तर काय येईल ते सांगायला नको. (क्लीन फुटल्यावर त्यातल्या मंडळींनी काढलेल्या बँडचं नाव ‘द ग्रेट अनवॉश्ड’ (न धुतलेले), म्हणजे खोडी मुद्दामच आहे.) बँडच्या नावासोबत लेबलचं नाव किंवा ईपीचं शीर्षक टाका. स्ट्रीमिंगवर दिसणाऱ्या सालावरही विसंबू नका, ते बहुतेकदा संकलनाचं किंवा पुनर्प्रकाशनाचं असतं. क्लीनची १९८१ची गाणी २००३च्या ‘अँथॉलॉजी’खाली सापडतात, चिल्सची १९८२ची गाणी १९८६च्या ‘कॅलिडोस्कोप वर्ल्ड’मध्ये. ही दोन संकलनं आधी घ्या. घाई असेल तर क्लीनची पाच गाण्यांची ‘बूडल बूडल बूडल’ ईपी.

आता आवाजाबद्दल, कारण बहुतेक जण इथेच अडखळतात. ‘बूडल’ आणि १९८२ची ‘डुनेडिन डबल’ (चार बँड, दोन तबकड्या, प्रत्येकाला एक बाजू) डुनेडिनचा गायक-वादक ख्रिस नॉक्सच्या चार ट्रॅकच्या (एकाच टेपवर चार आवाज शेजारी-शेजारी वेगळे घेणाऱ्या) टीॲक टेपयंत्रावर झाल्या, ध्वनितंत्रज्ञ डग हूड सोबतीला. अशा यंत्रात पाव इंची, म्हणजे साडेसहा मिलिमीटरांहून थोडी कमी रुंदीची टेप असते, आणि तिच्यात चार ट्रॅक बसवायचे. एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक मिलिमीटर येतो. ट्रॅक जितका अरुंद, तितकी टेपची सळसळ मूळ आवाजाच्या जवळ येते. त्यात चार ट्रॅक पुरत नाहीत. मग ड्रम, बास आणि गिटार तीन ट्रॅकवर घ्यायचे, तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, आणि रिकाम्या झालेल्या तिघांवर गाणं, दुसरी गिटार वगैरे चढवायचं. या उतरवण्यात नव्या ट्रॅकची सळसळ जुनीत मिसळते, दोन्ही सारख्या असतील तर ती ३ डेसिबलने वाढते, आणि झांजांची धार थोडी बोथट होते. मुख्य म्हणजे एकदा मिसळलं की परत सुटं होत नाही. बास कमी पडला तर तो तसाच राहणार. नंतरचा रीमास्टर करणारा फार तर सगळ्याचाच खर्ज वाढवेल.

त्यामुळे ऐकताना प्लेअरच्या इक्वलायझरमधलं ‘रॉक’ प्रीसेट (तयार सेटिंग) बंद ठेवा. ते वरच्या आणि खालच्या दोन्ही पट्ट्या फुगवतं, वर सळसळ उठते आणि मधली गिटार, जी या गाण्यांचा प्राण आहे, दबते. सळसळ फारच खुपली तर ८ किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबल उतरवा, त्याहून जास्त नको. आवाज ‘स्वच्छ’ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला जाऊ नका, सळसळीबरोबर झांजाही जातात आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर बास जवळपास नाहीसाच होतो. साधे वायरवाले इअरफोन त्यापेक्षा बरे.

‘बूडल’मधलं शेवटचं ‘पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स’ नीट ऐका. सूर बदलायची घाई अजिबात नाही. गिटारचा गुंजत राहणारा एकच आधार, खाली न थांबणारे ड्रम, आणि क्लीनचा गिटारवादक डेव्हिड किलगूर त्यावर हळूहळू फिरतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लवकर पटतं. घरी वाजवून पाहायचं तर मोकळ्या तारा दाबून बंद करायचा मोह टाळा. स्वर एका तारेवर सरकवा आणि शेजारची मोकळी तार प्रत्येक फटक्यात वाजू द्या. डिस्टॉर्शन वाढवलंत की त्या दोन तारा एकमेकींत कालवल्या जातात आणि सगळी मजा संपते.

चिल्सचं ‘पिंक फ्रॉस्ट’ १९८४ चं, पण ध्वनिमुद्रण १९८२ चं. मधल्या काळात ड्रमर मार्टिन बुल रक्ताच्या कर्करोगाने गेला. सुरुवातीची उजळ गिटार काही सेकंदांत विरते आणि बास गाण्याचा ताबा घेतो. पहिल्या दहा सेकंदांवरून मत बनवणाऱ्यांना हे गाणं कळलेलंच नसतं. व्हरलेन्सचं १९८३ चं ‘डेथ अँड द मेडन’ मधेच वॉल्ट्झच्या (तीन मात्रांच्या) तालात शिरतं. त्यांचा ग्रॅम डाउन्स पाश्चात्त्य अभिजात संगीतकार माहलरचा अभ्यासक, पुढे ओटागो विद्यापीठात शिकवायला लागला, तेव्हा ही वळणं अपघाताने आलेली नाहीत. स्नीकी फीलिंग्ज मात्र मला जरा गुळमुळीत वाटतात.

जुन्या तबकड्या विकत घेणार असाल तर एक सूचना. १२ इंची ईपी काही मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या असतात, काही ३३च्या, आणि लेबलवर ते बारीक छापलेलं असतं. ४५ची तबकडी ३३वर लावली तर सगळं साधारण पाच अर्धस्वर (सेमिटोन) खाली उतरतं. अनोळखी बँड असला की ‘काय उदास गातात’ असं वाटून ते खरंही मानलं जातं.

चिल्सचं शिखर १९९० चं ‘सबमरीन बेल्स’, मायदेशी पहिल्या क्रमांकावर. पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटलची ग्रंज संगीताची लाट आली, आणि ‘सॉफ्ट बॉम्ब’ १९९२ मध्ये निघेपर्यंत अशा गिटारींना कुणी विचारत नव्हतं. हे दोन्ही अल्बम ईपी पचल्यावर ऐकावेत. आणि शेवटी पीटर गटरिजचा बँड ‘स्नॅपर’. हा माणूस क्लीन आणि चिल्स दोन्हींच्या सुरुवातीला होता, आणि दोन्हींतून लवकर बाहेर पडला. स्नॅपरच्या १९८८च्या ईपीवर गिटार आणि ऑर्गन एकाच घरघरीत मिसळतात. ती मोठ्याने लावा, पण इमारत जुनी असेल तर दुपारी.