खोल सोफा

इंटरव्ह्यूला जाताना आपण कशाकशाची तयारी करतो, तर "स्वतःबद्दल काही सांगा"ची, "पाच वर्षांनी कुठे असाल"ची, "तुमचा वीक पॉइंट काय"ची (यावर निम्मे लोक "मी जरा परफेक्शनिस्ट आहे" म्हणतात आणि समोरचेही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावतात), शिवाय शर्टाला इस्त्री, बुटाला पॉलिश, झेरॉक्सचे दोन सेट. सोफ्यावरून उठायची तयारी मात्र कुणीच करत नाही.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला रिसेप्शनमधे असला एक सोफा होता की बसलं की माणूस आतच जायचा, गुडघे पार छातीला. त्यात पाऊण तास बसलो, मांडीवर फाइल, मनात उत्तरांची उजळणी. तेवढ्यात नाव पुकारलं, मी रुबाबात उठायला गेलो तर पहिल्या झटक्यात उठलोच नाही, दुसऱ्या झटक्यात उठलो पण फाइलची चेन उघडी होती, सगळे कागद फरशीवर. बोलवायला आलेल्या मॅडम बिचाऱ्या वाकून मदत करायला लागल्या आणि सगळ्यात कमी मार्कांची मार्कशीट नेमकी त्यांच्याच हाताला लागली. मग त्यांनी शेकहॅंडला हात पुढे केला, माझ्या तळव्याला घाम, तो मी त्यांच्यादेखत पँटला पुसला. आत गेल्यावर बघतो तर पॅनलवर त्याच!

नंतर कधीतरी वाचलं की 2006 साली विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी लोकांना अनोळखी चेहरे फक्त 100 मिलिसेकंद दाखवले, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आणि तेवढ्यात लोकांनी हा भरवशाचा, हा कामाचा वाटतो असं ठरवूनही टाकलं. जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदललं नाही, फक्त आपलंच बरोबर हा कॉन्फिडन्स वाढला. सोफ्यातून बाहेर यायलाच मला त्याच्या कितीतरी पट वेळ लागलेला, म्हणजे निकाल मी उभा राहायच्या आधीच लागला म्हणायचा.

त्याच्याही खूप आधी, 1946 मधे, सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने एका माणसाचं वर्णन दोन ग्रुपना वाचून दाखवलं होतं. शब्द तेच सहा, पण एकांना हुशार, कष्टाळू पासून सुरू करून हट्टी, मत्सरी पर्यंत आणि दुसऱ्यांना बरोब्बर उलट क्रमाने. पहिल्या ग्रुपला माणूस बरा वाटला, दुसऱ्याला नाही. माझी यादी धांदरट पासून सुरू झाली होती, पुढे मी कितीही हुशारीने बोललो असतो तरी काय.

आता कधीकधी मी टेबलाच्या पलीकडे बसतो. तिथे गेल्यावर कळलं की समोरच्यालाही टेन्शन असतं, चुकीचा माणूस घेतला तर निस्तरायचं त्यालाच असतं ना. आम्ही सगळ्यांना तेच प्रश्न विचारतो आणि प्रत्येक उत्तराला लगेच मार्क लिहितो, नाहीतर छान हसणारा माणूस सगळ्या प्रश्नांत छानच वाटायला लागतो, हे मी स्वतःवरूनच सांगतोय. मागे एक मुलगी आली होती, एका प्रश्नाला थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "हे मला येत नाही, पण शोधायचं झालं तर मी आधी इथे बघेन," आणि पेन मागून घेऊन कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. एक चौकोन चुकलाच होता. तरी आम्ही तिघांनीही तिला त्या प्रश्नाला चांगले मार्क दिले, एकमेकांना न विचारता. तिने कुठल्या रंगाचे कपडे घातले होते ते विचाराल तर शप्पथ आठवत नाही.

तर सोफ्याचं राहिलंच. ती नोकरी मला मिळाली. वर्षभर मी मॅडमसमोर फाइल दोन्ही हातांनी धरून वावरलो. शेवटी एकदा धीर करून विचारलं, मॅडम, त्या दिवशीचे कागद, ती मार्कशीट, आठवतंय का?

"तो तू होतास?" म्हणाल्या, "अरे, त्या सोफ्यातून उठताना सगळेच काहीतरी पाडतात."